कॉन्स्टिट्यूट: जगातल्या राज्यघटना शेजारी-शेजारी ठेवून वाचायची साइट, माझा रिव्ह्यू

राज्यघटनांची तुलना म्हटलं की बऱ्याच जणांना स्पर्धा परीक्षेच्या गाइडमधला तो तक्ता आठवतो, आपल्या घटनेत काय कुठल्या देशाकडून घेतलं त्याचा. संसदीय पद्धत ब्रिटन, मूलभूत हक्क अमेरिका, मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंड, आणीबाणी जर्मनी, पाठ करा, पेपर लिहा, विसरा. आयर्लंडकडून घेतलं म्हणजे नेमकं काय घेतलं, घेताना काय बदललं, आणि पुढे ते अजून कोणी उचललं, हे तक्ता कधीच सांगत नाही. ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर कॉन्स्टिट्यूट नावाची साइट आहे, मी ती नेहमी वापरते, म्हणून हा रिव्ह्यू. लांबलाय जरा, पण विषयच तसा आहे.

आधी साधी माहिती. जगातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र देशांच्या सध्याच्या राज्यघटना, पूर्ण मजकूर, इंग्रजीत, एकाच सर्च बॉक्सखाली. सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झाली. झॅकरी एल्किन्स, टॉम गिन्सबर्ग आणि जेम्स मेल्टन या अभ्यासकांच्या कंपॅरेटिव्ह कॉन्स्टिट्यूशन्स प्रोजेक्टमधून ती निघाली, सुरुवातीला पाठबळ गुगल आयडियाजचं होतं. वाचायला लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, पीडीएफ उतरवता येते. नंतर अरबी आणि स्पॅनिशही आलं. मराठी नाही, हिंदी नाही, त्यामुळे कायदेशीर इंग्रजीची धास्ती असेल तर सुरुवातीला जड जाईल. बरीचशी इंग्रजी रूपं मुळात भाषांतरं आहेत हेही ध्यानात ठेवायचं, कोर्टात मूळ भाषेतलाच मजकूर चालतो.

या सोयीची किंमत कळायला थोडं मागे जावं लागतं. फेब्रुवारी १९४६, टोकियो. युद्धात हरलेल्या जपानचा ताबा असलेल्या अमेरिकी जनरल मॅकआर्थरच्या हाताखालच्या लोकांना जपानसाठी राज्यघटनेचा मसुदा लिहायचा हुकूम मिळाला, हातात जेमतेम आठवडा. त्यातली बिआटे सिरोटा, वय वर्षं २२, जीप घेऊन बॉम्बहल्ल्यांतून वाचलेल्या लायब्रऱ्या पालथ्या घालत फिरली, आणि एकाच ठिकाणाहून सगळं उचललं तर कुणाला तरी संशय येईल म्हणून वेगवेगळ्या लायब्रऱ्यांतून इतर देशांच्या राज्यघटना गोळा करून आणल्या. त्या वाचून तिने बायकांच्या हक्कांबद्दल जे लिहिलं त्यातलं बरंच पुढे कापलं गेलं, पण लग्नात नवरा-बायकोचे हक्क समान असं सांगणारं कलम २४ आजही जपानच्या घटनेत आहे. साधारण त्याच काळात भारताच्या घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव देशोदेशीच्या घटनांमधले उतारे काढून सभासदांसाठी पुस्तिका तयार करत होते, आणि १९४७ च्या शेवटाला अमेरिका, कॅनडा, आयर्लंड, ब्रिटन अशी फेरी करून तिथल्या न्यायाधीशांना नि कायदेपंडितांना प्रत्यक्ष भेटून आले. आज तोच ढीग फोनमध्ये उघडतो.

आता साइट म्हणून कशी आहे. सर्च बॉक्स सगळ्याच साइटना असतो, इथली खरी मेहनत टॅगिंगमध्ये आहे. माणसांनी बसून एकेक कलम वाचून त्याला विषय लावलेत, तीनशेहून जास्त विषय आहेत, न्यायाधीशांची नेमणूक, पाण्याचा हक्क, मध्यवर्ती बँक, घटनादुरुस्तीची पद्धत, राष्ट्रप्रमुखाला हटवणं, काय वाट्टेल ते. याचा फायदा कुठे होतो ते आणीबाणीवर बघा. नुसता इमर्जन्सी शब्द टाकून शोधलं तर अर्धे देश निसटतात, कारण फ्रान्सच्या कलम ३६ मध्ये वेढ्याची स्थिती आहे, जर्मनीत संरक्षणस्थिती आहे, स्पेनच्या कलम ११६ मध्ये तर तीन पायऱ्या आहेत, इशारा, अपवाद आणि वेढा. विषय निवडून शोधलं की हे सगळे एका यादीत येतात. मग देश, प्रदेश, वर्ष असे फिल्टर लावा, हवी ती कलमं पिन करून ठेवा, किंवा कंपेअरमध्ये जाऊन दोन घटना शेजारी उघडा. हे कंपेअर कॉम्प्युटरवरच करा, फोनवर दोन रकाने म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

आणीबाणीचाच विषय जरा पुढे नेते, कारण ही साइट कशासाठी आहे ते मला तिथेच नीट पटलं. जर्मनीच्या १९१९ च्या वायमार घटनेत कलम ४८ होतं, राष्ट्राध्यक्षाने ठरवलं की ठरावीक मूलभूत हक्क निलंबित. फेब्रुवारी १९३३ मध्ये संसदेच्या इमारतीला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी त्याच कलमाचा आधार घेऊन हक्क निलंबित करणारा हुकूम निघाला, पुढे हिटलरने काय केलं ते सगळ्यांना माहितीय. हे पोळलेलं असल्यामुळे १९६८ मध्ये जर्मनीने नव्या घटनेत संरक्षणस्थितीची कलमं घातली तेव्हा संसदेचं दोन-तृतीयांश बहुमत मागितलं आणि वर हेही लिहून ठेवलं की तेवढ्या काळातसुद्धा घटनात्मक न्यायालयाच्या कामाला हात लावायचा नाही. भारतात १९७५ ची आणीबाणी अंतर्गत अशांतता या कारणावर लागली, मग १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ते कारणच काढून सशस्त्र उठाव असं केलं, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला, आणि कलम २० व २१ कधीच निलंबित करता येणार नाहीत असं ठरवलं.

आणि मग दक्षिण आफ्रिकेची १९९६ ची घटना उघडा, कलम ३७. इथे थांबाच जरा. राज्यघटनेच्या आत चक्क एक तक्ता छापलाय, तीन रकाने, कलमाचा नंबर, हक्काचं नाव, आणि आणीबाणीतसुद्धा तो किती शाबूत राहणार. मानवी प्रतिष्ठा, संपूर्ण. जीविताचा हक्क, संपूर्ण. समानतेच्या हक्कापुढे मात्र लिहिलंय की वंश, रंग, लिंग, धर्म, भाषा अशा काही आधारांपुरताच तो अढळ. मुदत पहिल्यांदा २१ दिवस, वाढवायची तर संसदेने, एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही, आणि पहिल्या वाढीनंतर दरवेळी ६० टक्के सभासद बाजूने हवेत. ज्यांनी वर्णभेदाच्या राजवटीत आणीबाण्या अंगावर झेलल्या त्यांनी लिहिलेलं कलम आहे हे ओळीओळीत कळतं. वायमार, जर्मनी, भारत, दक्षिण आफ्रिका या क्रमाने ही चार कलमं वाचली ना, तर प्रत्येक जण आधीच्याला कुठे ठेच लागली ते बघून पाऊल टाकतोय असं वाटतं. प्रत्येकाने खरंच बघितलं होतं का हा वेगळा प्रश्न, तो साइटवर सुटत नाही. (वायमारची घटना आता लागू नाही अर्थातच, साइटवर जुन्याही काही घटना आहेत पण मुख्य भर चालू घटनांवर, त्यामुळे जुनं काही हवं असलं तर आधी यादी तपासा, नसलं तर बाहेरून मिळवावं लागेल.)

दुसरी साखळी मार्गदर्शक तत्त्वांची. आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेतलं कलम ४५ वाचा, सामाजिक धोरणाची तत्त्वं, ही संसदेच्या मार्गदर्शनासाठी आहेत, कोर्टाने यात पडायचं नाही. मग भारताचं कलम ३७ वाचा, कोर्टातून अंमल होणार नाही हे तेच, पण पुढे जोड आहे, ही तत्त्वं देशाच्या कारभारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य आहे. म्हणजे नुसतं उचललं नाही, वजन वाढवून घेतलं. तिथून नायजेरियाच्या १९९९ च्या घटनेतलं दुसरं प्रकरण बघा, घानाच्या १९९२ च्या घटनेतलं सहावं प्रकरण बघा, कुटुंब तेच. आणि परत दक्षिण आफ्रिका, त्यांनी ही वाटच सोडली, घर, आरोग्य, अन्न, पाणी हे सरळ हक्क म्हणून लिहिले, फक्त उपलब्ध साधनांच्या मर्यादेत टप्प्याटप्प्याने अशी अट ठेवली. ती अट कुठल्या देशाकडून आलेली नाही, संयुक्त राष्ट्रांच्या १९६६ च्या आर्थिक-सामाजिक हक्कांच्या करारातली ती भाषा आहे. देश देशाकडून घेतो हा झाला गाइडमधला तक्ता, पण आता देश आंतरराष्ट्रीय करारांतूनही घेतात, आणि हे तक्त्याच्या रकान्यात बसत नाही.

राज्यघटनांच्या जागतिकीकरणाचा खरा धागा मला इथे दिसतो. उसनवारी नवीन नाहीच, ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी उसनवारीच्या आरोपाला रोखठोक उत्तर दिलं होतं की उसनं घेण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि राज्यघटनेच्या मूलभूत कल्पनांचं पेटंट कुणाकडेच नसतं. नवीन काय आहे, तर बाहेरचं जग आता घटनेत दार ठोठावून शिरतं. अर्जेंटिनाच्या १९९४ च्या दुरुस्तीने कलम ७५ मध्ये मानवी हक्कांच्या करारांची यादी टाकून त्यांना घटनेचाच दर्जा दिला. नेदरलँड्सचं तर गंमतीशीर आहे, कलम १२० म्हणतं संसदेचा कायदा घटनेशी जुळतो का हे कोर्टाने तपासायचं नाही, आणि कलम ९४ म्हणतं कायदा आंतरराष्ट्रीय कराराच्या बंधनकारक तरतुदीशी जुळत नसेल तर तो लावायचा नाही. म्हणजे तिथला न्यायाधीश स्वतःच्या घटनेपेक्षा बाहेरच्या कराराच्या जोरावर कायदा बाजूला ठेवू शकतो. ही दोन कलमं एकाखाली एक पिन करून कुणालाही दाखवा, चेहरा बघण्यासारखा होतो.

पण सगळ्यात बोलकं उदाहरण स्पेनचं. १९७८ ची घटना, पहिली दुरुस्ती १९९२ मध्ये, युरोपीय संघ उभा करणाऱ्या मास्ट्रिख्ट करारासाठी, परदेशी नागरिकांना नगरपालिका निवडणुकीत उभं राहता यावं म्हणून. दुसरी २०११ मध्ये, युरोच्या संकटात, कलम १३५, सरकारी तुटीला लगाम आणि कर्जफेडीला खर्चात अग्रक्रम, काही आठवड्यांत उरकली, सार्वमत नाही काही नाही. तिसरी थेट २०२४ मध्ये आली, अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कलम ४९ ची. म्हणजे पहिल्या पंचेचाळीस वर्षांत घटना जी दोनदा बदलली ती दोन्ही वेळा युरोपच्या रेट्याने. लोकांनी स्वतःला दिलेली घटना वगैरे सगळं ठीक, पण दोरी कुठून हलते ते अशा कलमांत दिसतं, उद्देशिकेत दिसत नाही.

आता उणी बाजू, आणि ती छोटी नाही. ही साइट तुम्हाला मजकूर देते, घटना देत नाही. कलम २१ घ्या. भारताचं कलम २१ आणि जपानचं कलम ३१ शेजारी उघडा, गाभा सारखाच, कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कुणाचं जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. हे मुद्दाम केलेलं होतं. मसुद्यात आधी अमेरिकी धाटणीचं ड्यू प्रोसेस होतं, म्हणजे नुसती पद्धत पाळली का एवढंच नाही तर कायदा मुळात न्याय्य आहे का हेही कोर्टाने बघायचं, राव अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टरना भेटले, त्यांनी सांगितलं की त्याने मूठभर न्यायाधीशांच्या हातात कायदे पाडायची ताकद जाते, मग मसुदा समितीने जपानची शब्दरचना वापरली. (जपानचं ते कलमही अमेरिकनांच्याच मसुद्यातून आलेलं, ही वेगळीच गंमत.) १९५० च्या ए. के. गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते अक्षरशः वाचलं, कायदा आहे ना, पद्धत पाळली ना, झालं. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात तेच न्यायालय म्हणालं की पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवी हवी, म्हणजे दारातून घालवलेलं ड्यू प्रोसेस खिडकीतून आत आलं. कलमाचा एक शब्द हलला नाही. कॉन्स्टिट्यूटवर बघणाऱ्याला १९५० चं आणि आजचं कलम २१ हुबेहूब एकच दिसणार.

केशवानंद भारती खटल्याचंही तेच. जर्मनीच्या कलम ७९ च्या तिसऱ्या पोटकलमात सरळ लिहिलंय की काही गोष्टींना दुरुस्तीचा हात लागणार नाही, साइटवर दुरुस्ती न करता येणाऱ्या तरतुदी असा विषय टाकला की ते लगेच येतं. भारताच्या घटनादुरुस्तीच्या कलम ३६८ मध्ये मूलभूत चौकट, म्हणजे दुरुस्ती करूनही मोडता न येणारा घटनेचा गाभा, हा शब्दच नाही. तो २४ एप्रिल १९७३ ला १३ न्यायाधीशांच्या पीठाने ७ विरुद्ध ६ ने दिलेल्या निकालातून आला. पुढे १९८९ मध्ये बांगलादेशच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कल्पना उचलली, केनियात २०२१ मध्ये हायकोर्टाने उचलली आणि २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बाजूला सारली. एवढा मोठा प्रवास, देशोदेशीच्या न्यायालयांमधला, आणि घटनांच्या मजकुरात त्याचा बहुतेक पत्ताच नाही. माझ्या मते आजच्या काळातली सगळ्यात महत्त्वाची उसनवारी न्यायालयांमध्ये चालते, आणि तीच या साइटच्या आवाक्याबाहेर राहते. दक्षिण आफ्रिकेच्या कलम ३९ मध्ये तर हक्कांचा अर्थ लावताना न्यायालयाने आंतरराष्ट्रीय कायदा विचारात घ्यायलाच हवा आणि परदेशी कायदा घेता येईल असं लिहूनच टाकलंय. कलम दिसतं, त्याच्या आधाराने काय काय झालं ते दिसत नाही.

आणि कागद म्हणजे वास्तव समजलात तर फसाल. उत्तर कोरियाच्या घटनेत कलम ६७ आहे, भाषणाचं, वृत्तपत्रांचं, सभेचं स्वातंत्र्य, व्यवस्थित लिहिलेलं. एरिट्रियाची १९९७ ची घटना यादीत बाकीच्यांसारखीच उभी आहे, मंजूर झालेली आहे, पण अंमलात कधी आणलीच नाही. यादीत ब्रिटनच्या नावापुढे १२१५ साल दिसतं, म्हणजे मॅग्ना कार्टा या राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेपासूनचे कायदे एकत्र शिवून बनवलेला दस्तऐवज, कारण ब्रिटनची एकसंध लिखित राज्यघटना नाहीच. ज्याला हे ठाऊक आहे त्याला काही अडचण नाही, नवख्याला वाटेल ब्रिटिशांनी तेराव्या शतकात बसून घटना लिहिली. वर्षाशेजारी सुधारित म्हणून जे दुसरं वर्ष असतं तेही नीट बघत जा, त्यानंतरच्या दुरुस्त्या त्या मजकुरात नसणार, आणि निबंधात किंवा बातमीत वापरायचं असेल तर त्या देशाच्या अधिकृत प्रतीशी ताडून बघा.

नुसतं फिरायला म्हणूनही मजा येते बरं का. भूतानच्या २००८ च्या घटनेत किमान ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहिली पाहिजे असं आहे. इक्वेडोरच्या २००८ च्या घटनेत कलम ७१ मध्ये निसर्गालाच हक्क दिलेत. ब्राझीलच्या १९८८ च्या घटनेत कलम २४२ मध्ये रिओमधलं एक ठरावीक विद्यालय, पेद्रो दुसरा याच्या नावाचं, केंद्राच्याच अखत्यारीत राहील असं लिहिलंय, एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेत एका शाळेची सोय. त्या घटनेत शंभराहून जास्त दुरुस्त्या झाल्या यात काय नवल, जितकं बारीक लिहाल तितकं पुन्हा पुन्हा खोडावं लागतं. जपानची १९४७ पासून एकदाही बदललेली नाही, ती आखूडही आहे. ही साइट काढणाऱ्यांनीच आधीच्या अभ्यासात राज्यघटनेचं सर्वसाधारण आयुष्य १९ वर्षं काढलं होतं, आणि योगायोग असा की पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनने १७८९ मध्ये मॅडिसन या दुसऱ्या अमेरिकी नेत्याला लिहिलेल्या पत्रात घटना दर १९ वर्षांनी संपावी असाच हिशेब मांडला होता.

पाचपैकी चार देते. एक कापला तो निकालांसाठी, निदान प्रत्येक देशाच्या महत्त्वाच्या पाचसहा निकालांची नुसती नावं कलमाशेजारी असती तरी खूप झालं असतं. कायद्याचे विद्यार्थी, राज्यशास्त्र शिकवणारे, वादविवादवाले, पत्रकार, यांनी बुकमार्क करून ठेवावी. नवीन असाल तर सगळी घटना वाचायला जाऊ नका, एक विषय घ्या, तीन देश घ्या, एक आपला, एक शेजारचा, एक पार लांबचा, आणि पहिला विषय दुरुस्तीची पद्धत हा घ्या, बाकी कुठल्याही कलमापेक्षा सत्तेवर असलेल्यांची नजर आधी त्यावर असते. स्पर्धा परीक्षावाल्यांनी मात्र आधी तक्ता पाठ करावा, पेपरात तोच येतो.